मूत्रपिंडाचे वण आणि उंदरांनी दिलेला धडा

शेतात राबणाऱ्या माणसाला हातापायांवरचे वण नवे नाहीत. विळा लागतो, कुदळ बसते, काटा रुततो. जखम भरून येते, पण तिथली कातडी राठ व पांढुरकी राहते. त्या जागी केस उगवत नाहीत की घाम येत नाही. असेच वण शरीराच्या आतही पडतात, आणि दिसत नाहीत म्हणून ते अधिक घातक ठरतात. अमक्याची किडनी गेली असे आपण ऐकतो, तेव्हा बहुधा हेच झालेले असते. मूत्रपिंडात वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो आणि काम करणाऱ्या भागाची जागा हळूहळू वण घेतात.

हे वण थांबवता येतील काय, ते पुसता येतील काय, या प्रश्नांचा शोध गेली चाळीस-पन्नास वर्षे मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांवर झाला. त्या शोधातून जे हाती लागले त्यातले काही आज आपल्या औषधांच्या दुकानात आहे, काही फसले आहे, आणि काही तर औषध नसून उन्हात काम करणाऱ्यांनी पाणी केव्हा प्यावे एवढेच सांगणारे आहे. शेतकरी कुटुंबांनी हे समजून घ्यावे असे आम्हांस वाटते, म्हणून या खेपेस हा विषय घेत आहोत.

वण पडतो कसा?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली एक लांबलचक नलिका म्हणजे एक गाळणी. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले जवळजवळ सगळे नलिका परत रक्तात ओढून घेतात, आणि उरलेले दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडते.

रक्तातली जादा साखर, वाढलेला रक्तदाब, एखादे विष, मुतखड्याने तुंबलेली वाट किंवा वारंवार पडणारी पाण्याची तूट यांपैकी कशानेही या गाळण्यांना इजा झाली, की शरीर तिथे पांढऱ्या पेशी धाडते. हाच दाह. इजा एकदाच झाली तर दाह शमतो आणि जागा बरी होते. ती रोज होत राहिली तर दाह शमत नाही. मग नलिकांच्या मधल्या जागेत दोरखंडासारखे तंतू विणणाऱ्या पेशी कामाला लागतात. ओहोळात गाळ साचून पाण्याची वाट बुजावी, तशा त्या तंतूंनी गाळण्या बुजत जातात.

दुर्दैव असे की, हे सर्व चालू असताना माणसाला काही कळत नाही. उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम उचलतात. निम्मी शक्ती जाईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिनदेखील पुष्कळदा फारसे वाढलेले दिसत नाही. पाय सुजणे, भूक जाणे, धाप लागणे ही लक्षणे येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

सहा जोड्यांचे काम एका जोडीवर

जिवंत माणसाच्या मूत्रपिंडात वण कसा वाढतो हे दररोज उघडून पाहता येत नाही. म्हणून संशोधकांनी उंदरांमध्ये तो आजार मुद्दाम उभा केला. त्याच्या दोन रीती फार प्रसिद्ध आहेत. पहिल्या रीतीत मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी एका बाजूची नळी बांधून टाकतात. मग आठवड्या-दोन आठवड्यांत त्या मूत्रपिंडात दाह आणि वण दोन्ही दिसू लागतात. दुसऱ्या रीतीत एक मूत्रपिंड काढून टाकतात आणि दुसऱ्याचाही दोनतृतीयांश भाग निकामी करतात. अशा उंदराकडे मूळ शक्तीच्या एकषष्ठांशच शिल्लक राहते.

अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुसऱ्या रीतीच्या उंदरांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे : उरलेला एकषष्ठांश भाग सुरुवातीला निरोगी असूनही पुढे आपोआप वणांनी भरून जातो. सहा बैलजोड्यांचे काम एकाच जोडीला जुंपले तर ती जोडी काही दिवस ओढते आणि मग बसते, तसाच हा प्रकार. शिल्लक गाळण्यांत रक्ताचा दाब वाढतो, त्या दाबाने गाळणी फाटकी होते, लघवीतून प्रथिन वाहू लागते आणि शेवटी ती गाळणी बुजते. मग उरलेल्यांवर आणखी भार पडतो. मूळ कारण दूर झाले तरी आजार पुढे का सरकतो, याचे उत्तर या उंदरांनी दिले.

१९८५ साली याच गटाने अशा उंदरांना एनॅलाप्रिल हे औषध देऊन पाहिले. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी बारीक वाहिनी या औषधाने सैल होते. बांधाला पाणी निघून जाण्याची वाट मोठी केली की वाफ्यातले तुंबलेले पाणी उतरते, तसा गाळणीतला दाब उतरला आणि वण फार कमी पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक तुलना केली. काही उंदरांना एनॅलाप्रिल दिले, तर काहींना रक्तदाबाची तीन जुनी औषधे एकत्र दिली. अंगातला रक्तदाब दोन्ही गटांत सारखाच उतरला. पण जुन्या औषधांनी गाळणीच्या आतला दाब उतरला नाही आणि मूत्रपिंडही वाचले नाही. दंडावर मोजला जाणारा रक्तदाब महत्त्वाचा आहेच, पण गाळणीच्या आतला दाबही उतरला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

हे औषध ज्या कुळातले आहे त्याचा उगमही प्राण्यातच आहे. ब्राझीलमधील जरारका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास सेर्जिओ फेरेरा यांनी १९६० नंतरच्या दशकात केला. त्या विषातील घटकांवरून पुढे कॅप्टोप्रिल हे या कुळातले पहिले तोंडाने घेण्याचे औषध तयार झाले.

उंदरांत दिसले ते माणसात खरे ठरते काय, याची कसोटी १९९३ साली प्रसिद्ध झाली. लहान वयात मधुमेह जडलेल्या आणि मूत्रपिंडे बिघडू लागलेल्या ४०९ रुग्णांपैकी काहींना कॅप्टोप्रिल व काहींना नुसती खोटी गोळी दिली होती. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंडरोपण यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आला. २००१ साली लोसार्टन व इर्बेसार्टन या जवळच्या औषधांनी मोठ्या वयातल्या मधुमेहातही फायदा दाखवला. रक्तदाबासाठी म्हणून डॉक्टर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांत ही नावे पुष्कळदा असतात. गोळी स्वस्त आहे, साधी दिसते, म्हणून बरे वाटताच बंद करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ती गोळी रक्तदाबाबरोबर मूत्रपिंडही राखत असते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

उंदीर बरा झाला, माणूस झाला नाही

दाब कमी केला तरी वण पूर्णपणे थांबत नाहीत. तेव्हा संशोधक थेट दाहाच्या आणि तंतू विणणाऱ्या पेशींच्या मागे लागले. या पेशींना कामाला लावणारा एक मुख्य निरोप्या पदार्थ सापडला. त्याला टीजीएफ-बीटा म्हणतात. १९९० साली वेन बॉर्डर व सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचा दाह झालेल्या उंदरांना या पदार्थाला निष्प्रभ करणारे प्रतिद्रव्य टोचले. वण घडवणारा माल साचणे कमी झाले. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली.

माणसांत मात्र ती आशा फळली नाही. मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णांना असेच प्रतिद्रव्य देऊन पाहिले, तेव्हा फायदा दिसेना म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याआधी दाह कमी करणाऱ्या बार्डोक्सोलोन या औषधाची दोन हजारांहून अधिक रुग्णांवर चाललेली चाचणी २०१२ साली थांबली, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रकार वाढले होते.

असे का व्हावे? प्रयोगातला उंदीर तरुण असतो, एरवी निरोगी असतो. त्याचा आजार काही आठवड्यांचा असतो, आणि औषधही बहुधा आजाराच्या आरंभीच दिले जाते. आपला रुग्ण साठीचा, सोबत मधुमेह, अशक्त हृदय आणि पंधरा वर्षांचे साचलेले वण घेऊन येतो. शिवाय शरीरातला निरोप्या पदार्थ एकच काम करीत नाही. तो जखमा भरतो, दाह आवरतो. त्याला सरसकट अडवले तर दुसरीकडे बिघाड होऊ शकतो.

हे सांगण्याचे कारण असे. उंदरांची किडनी पूर्ण बरी करणारे औषध सापडले अशा बातम्या अधूनमधून येतात, आणि त्यांच्या आधाराने बाजारात पुड्या व काढे विकले जातात. आपली माणसे कर्ज काढून ते घेतात आणि चालू औषध सोडतात. उंदरातले यश ही पहिली पायरी आहे. माणसांवरच्या चाचणीची पायरी चढल्याखेरीज कोणतेही औषध आपल्या घरात येऊ नये.

ज्यांनी ती पायरी चढली

काही औषधांनी ती पायरी चढली आहे. १९९६ साली उरलेल्या एकषष्ठांश मूत्रपिंडावर जगणाऱ्या उंदरांना संशोधकांनी दाब उतरवणारी औषधे दिली आणि त्याच वेळी अल्डोस्टेरॉन हा संप्रेरक बाहेरून घातला. औषधांचा फायदा बऱ्याच अंशी नाहीसा झाला. हा संप्रेरक वणांना खतपाणी घालतो हे त्यावरून कळले. त्याला अडवणाऱ्या फिनेरेनोन या औषधाने उंदरांत दाह व वण कमी केले. पुढे मधुमेही मूत्रपिंडरोगाच्या साडेपाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मूत्रपिंड ढासळण्याचा धोका १८ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष २०२० सालचा.

त्याच वर्षी डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीची ४,३०४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे एकतृतीयांशांना मधुमेह नव्हता. तरीही मूत्रपिंड ढासळणे, डायलिसिस आणि त्यांमुळे वा हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. ही गोळीदेखील गाळणीतला दाब उतरवते. म्हणजे बॉस्टनच्या उंदरांनी दाखवलेली वाट अजूनही उपयोगी पडते आहे. ही गोळी आता भारतात अनेक कंपन्या बनवतात आणि तिची किंमत पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरली आहे. ती कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

ऊन, तहान आणि पाण्याची वेळ

आता शेतकऱ्यांना सर्वांत जवळचा असलेला प्रयोग. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांच्या समुद्रकाठच्या पट्ट्यात, ऊस तोडणारी तरुण माणसे मूत्रपिंडाच्या आजाराने मरत होती. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी लिहिले की, त्यांच्याकडे येणाऱ्या अशा पुष्कळ रुग्णांना ना मधुमेह आहे ना आधीचा रक्तदाब. तपासणीत त्यांच्या मूत्रपिंडात नलिकांच्या मधल्या जागेत दाह आणि वण दिसले. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातले भातशेतकरी, आंध्रातील उद्दानमचे शेतकरी आणि आपल्या गोव्यातील काणकोण तालुक्यातले रहिवासी यांच्यातही कारण न सापडलेला मूत्रपिंडाचा आजार आढळला आहे. ठिकठिकाणी पाणी, माती, कीटकनाशके अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला. सर्वत्र एकच कारण आहे असे ठरलेले नाही.

उष्णता आणि पाण्याची तूट एवढ्यानेच वण पडू शकतात काय, हे पाहण्यासाठी संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान उंदरांना पाच आठवडे दिवसाच्या वेळी वारंवार उष्ण हवेत ठेवले. एका गटापुढे दिवसभर पाणी होते. दुसऱ्या गटाला पाणी मिळे ते रात्री. चोवीस तासांत दोन्ही गट सारखेच पाणी प्याले. तरीही रात्री पिणाऱ्या गटाच्या मूत्रपिंडात नलिकांना इजा झाली, दाह झाला आणि वण पडले. दिवसा पिणारे उंदीर त्या मानाने वाचले.

कारणही सापडले. शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंड स्वतःच फ्रुक्टोज नावाची साखर बनवू लागते, आणि ती जाळताना तिथल्या पेशींना इजा होते. ती साखर जाळणारे विकर ज्या उंदरांत जन्मतः नव्हते, त्यांची मूत्रपिंडे तहानेतही शाबूत राहिली. २०१६ साली मेक्सिकोत उष्णतेत ठेवलेल्या उंदरांना पाण्याऐवजी बाटलीतल्या गोड पेयासारखे साखरेचे पाणी दिले. त्यांची तूट भरली नाही आणि मूत्रपिंडांची इजा साध्या पाण्यापेक्षा वाढली.

उंदराला माणसासारखा घाम येत नाही, हे विसरता कामा नये. एवढ्या प्रयोगावरून सगळ्या आजाराचे खापर तहानेवर फोडणे बरोबर नव्हे. पण माणसांतही त्याला दुजोरा देणारे घडले. निकाराग्वातील ऊसमळ्यांत मजुरांना पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती देण्याची पद्धत सुरू झाली. विश्रांतीचे प्रमाण वाढवल्यावर तोडणी हंगामात मूत्रपिंडाला इजा होणाऱ्यांची संख्या घटली. यात महागडे औषध काही नव्हते.

आपल्याकडे पुष्कळ माणसे सकाळी चहा पिऊन शेतावर जातात, दुपारी घोटभर पाणी पितात आणि घरी आल्यावर तांब्यामागून तांब्या रिकामा करतात. उंदरांचा दुसरा गट नेमके हेच करीत होता. जुन्या लोकांची दहा-अकराच्या सुमारास मीठ घातलेली पेज पिण्याची रीत त्या मानाने शहाणपणाची होती.

वण पुसता येतात काय?

काही औषधांनी उंदरांतले वण मागे हटवले आहेत. माणसाच्या बाबतीत एक उल्लेखनीय नोंद १९९८ सालची आहे. मधुमेह असलेल्या आठ रुग्णांना स्वादुपिंड बसवले होते, त्यामुळे त्यांची साखर नैसर्गिक पातळीवर आली. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा मूत्रपिंडात सुधारणा नव्हती. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा मधुमेहाने केलेले बिघाड बरेचसे मागे हटले होते. मूत्रपिंडाला स्वतःची डागडुजी थोडीफार येते, पण त्याला मूळ इजा पूर्ण थांबणे आणि खूप वेळ मिळणे, दोन्ही लागतात. पुसण्याची वाट पाहण्यापेक्षा पडू न देणे केव्हाही सोपे.

आपण काय करावे?

१. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून निदान एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असल्यास इतरांनीही तपासावे. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण ३० च्या वर राहू लागले, तर त्रास नसतानाही डॉक्टरांकडे जावे. गाळणी झिजू लागल्याची ती पहिली खूण असते.

२. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. ताक, पेज, मीठ घातलेले लिंबूपाणी चालेल. दिवसभराची तहान बाटलीतल्या गोड पेयांनी भागवू नये. जड कामे सकाळी लवकर उरकावीत आणि भर दुपारी सावली धरावी. मजूर लावणाऱ्यांनी पाण्याची कळशी बांधावर ठेवावी व विसाव्याची मजुरी कापू नये. ज्यांचे मूत्रपिंड किंवा हृदय आधीच अधू आहे, त्यांनी किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

३. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. घामाने शरीर सुकलेले असताना तर मुळीच नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकचा अंश मृत जनावराच्या मांसात राहिला आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती हजारोंनी मेली. हे कारण २००४ साली उघड झाले, आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. गोठ्यात ते चोरून वापरणे आजही गुन्हाच आहे.

४. सापसंद किंवा ईश्वरी म्हणून ओळखली जाणारी मुळी विंचू-सापावर अथवा तापावर उगाळून देण्याची चाल काही गावांत आहे. या कुळातील वनस्पतींत असलेले आम्ल प्रयोगशाळेत उंदरांच्या मूत्रपिंडात मुद्दाम वण पाडण्यासाठी वापरतात. त्यावरून काय ते समजावे. साप चावल्यास माणसाला थेट दवाखान्यात न्यावे.

५. रक्तदाबाच्या गोळ्या सोडू नयेत. मात्र जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेले असेल तेव्हा त्या चालू ठेवायच्या की काही दिवस थांबवायच्या, हे लगेच डॉक्टरांना विचारावे.

शेवटी त्या मुक्या जीवांविषयी. माणसाचे प्राण वाचवण्यासाठी प्राण्यांवर केलेले प्रयोग, ते वाजवी मर्यादेत असतील तर, आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण मान्य करते. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मात्र ती मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे मानते. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख आहे. अनेक उंदरांच्या मरणातून जे ज्ञान मिळाले, ते आपण वापरलेच नाही तर त्या यातना फुकट गेल्या असे होईल. येत्या रविवारी मिस्सेनंतर घरी परतताना घरातल्या कोणाची तपासणी राहिली आहे याचा विचार करावा, आणि सोमवारी शेतावर जाताना पाण्याचे भांडे सोबत न्यावे.